गमी स्माईल, बोटॉक्स आणि पहिलीचा वर्ग

मी मनापासून हसले की वरच्या दातांच्या वर हिरडीचा जाड गुलाबी पट्टा दिसायचा. याला सगळे गमी स्माईल म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यासाठी बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू काही महिने सैल ठेवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेतलं, इथंच, सोलापुरात, आणि तेव्हापासून नात्यातल्या, शाळेतल्या, बिल्डिंगमधल्या इतक्या जणींनी हळूच बाजूला घेऊन विचारलंय, दुखतं का, किती दिवस टिकतं, चेहरा वाकडा होत नाही ना, की म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहून काढावं. मी डॉक्टर नाही, पहिलीच्या वर्गाला शिकवते. पण स्वतःच्या चेहऱ्याचा प्रश्न होता म्हणून मी यात खूप वाचलं, दाताच्या आणि स्किनच्या, दोन्ही डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले, आणि जे कळलं ते सांगतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. इंजेक्शन चांगलं का वाईट हा प्रश्न नंतरचा. तुमची हिरडी दिसते ती कशामुळे दिसते, हे आधी शोधायला लागतं. दिसायला सगळ्यांचं हसू सारखंच दिसतं पण आतलं कारण वेगळं असतं, कुणाचे दातच आखूड, कुणाचं वरच्या जबड्याचं हाड लांब, कुणाचा ओठ आखूड, आणि कुणाचा ओठ हसताना जास्तच वर ओढला जातो. बोटॉक्स नीट लागू पडतं ते या शेवटच्या प्रकाराला. बाकीच्यांनी ते घेतलं तर पैसे जातात आणि मूळ प्रश्न तिथंच राहतो.

माझं हे लहानपणापासूनचं. शाळेच्या ग्रुप फोटोत मी ओठ घट्ट मिटून उभी, कॉलेजात ओढणी तोंडावर, आणि नंतर हाताचीच सवय लागली, हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. घरात कुणी टोमणे मारले असंही नाही, आई फक्त फोटोच्या वेळी "तोंड मिटून हस गं" म्हणायची, प्रेमानंच म्हणायची, पण ते वाक्य मनात पक्कं बसलं. मग दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नात अक्कलकोट रोडच्या कार्यालयात फोटोग्राफर सगळ्यांसमोर म्हणाला, ताई तुम्ही थोडं कमी हसा ना. त्याला त्यात काही वाईट वाटलं नसणार, त्याला फ्रेम चांगली हवी होती. पण मला त्या दिवशी ठरवावंसं वाटलं की यावर काय करता येतं ते तरी बघू.

त्याच सुमाराला आत्यानं बायोडेटाच्या फोटोचा विषय काढला होता. "अगं एक इंजेक्शन असतंय म्हणे, दातवाल्याकडं देतात, पार्लरमध्ये पण देतात, स्थळं यायच्या आधी घेऊन टाक की." यावर मी आत्याला तोंडावर सांगितलं तेच इथं लिहिते, की स्थळासाठी मी चेहऱ्याला सुई लावणार नाही. ज्या माणसाला माझ्या हिरडीची अडचण आहे त्याला चार महिन्यांनी परत अडचण होणारच आहे, कारण औषधाचा असर तेवढाच. घ्यायचं तर स्वतःसाठी, स्वतःच्या पैशानं, आणि कुणाच्या घाईशिवाय. आणि पार्लरचं तर नावच काढू नये, हे औषध कुठल्या स्नायूत किती जातंय ते ज्याला शरीररचना शिकवलेली आहे त्यानंच द्यायचं.

तर मी आधी गेले दाताच्या डॉक्टरांकडं, हिरड्यांच्या स्पेशालिस्ट मॅडम. मला वाटलेलं की बघतील आणि दोन मिनिटांत सांगतील. त्यांनी आधी मला नुसतं गप्प बसवलं आणि ओठ सैल सोडायला सांगितले. ओठ सैल असताना वरचे दात किती दिसतात ते मोजलं. मग नाकाच्या खालून वरच्या ओठाच्या काठापर्यंत मोजलं. बायकांमध्ये ही लांबी साधारण २० ते २२ मिमी असते, पुरुषांत थोडी जास्त. माझी त्यातच बसली, म्हणजे ओठ आखूड नाही. मग पुढच्या दाताची उंची मोजली, पुढचा मोठा दात साधारण १० ते ११ मिमी असतो आणि माझाही तसाच होता. मग सळईसारख्या बारीक प्रोबनं हिरडीच्या कडेला आत बघितलं की दाताचा काही भाग हिरडीखाली लपलाय का. नव्हता. त्यानंतर बाजूनं चेहऱ्याचा एक्स-रे काढायला लावला, जबड्याचं हाड बघायला, तेही ठीक निघालं.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. त्यांनी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला, पण "हसा" म्हणून नाही, वर्गातल्या पोरांच्या गमती विचारत बसल्या. आता पोरांचा विषय निघाल्यावर मी काय थांबतेय, एकानं डब्यातली शेंगापोळी पाटीवर ठेवून तिच्या भोवती गोल काढला आणि मला दाखवून म्हणाला बाई हा पूज्य, ते सांगता सांगता मी खळखळून हसले आणि ते सगळं व्हिडिओत आलं. मॅडम म्हणाल्या, फोटोसाठीचं हसू आणि खरं हसू यात खूप फरक असतो, फोटोसाठी माणूस ओठ आवरून धरतो, मला खरं हसू बघायचं होतं. फोटोच्या हसण्यात माझी हिरडी ३ मिमीच्या आसपास, खऱ्या हसण्यात ५ च्या पुढं. साधारण १-२ मिमी हिरडी दिसणं नॉर्मलच असतं, उलट त्यानं चेहरा तरुण दिसतो, ३ च्या पुढं गेलं की गमी स्माईल म्हणायला लागतात, पण ही काही कायद्याची रेघ नाही. काहींना ४ मिमी दिसत असते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, मग तिथं इलाज करायचं काही कारणच नाही. हा आजार नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

माझं निदान निघालं ते असं की ओठ वर ओढणारे स्नायू जास्त जोर लावतात. हसताना वरचा ओठ साधारण ६ ते ८ मिमी वर जातो, माझा त्यापेक्षा बराच वर जायचा.

आता बाकीची कारणं पण सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्या जणींचं माझ्यासारखं नसणारच. आमच्या शाळेतल्याच एका बाईंचं उदाहरण आहे, त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांचे दात लहान आणि चौकोनी दिसायचे, सगळ्यांना वाटायचं दातच तसे आहेत. खरं म्हणजे त्यांचे दात पूर्ण उंचीचे होते पण दात येताना हिरडी जशी मागं सरकायला पाहिजे तशी सरकलीच नव्हती, दाताचा वरचा भाग झाकलेलाच राहिला. त्यांना लेझरनं हिरडी थोडी कापून आकार दिला, आणि ते कायमचं काम झालं. त्यांनी बोटॉक्स घेतलं असतं तर ओठ खाली आला असता आणि दात आखूडचे आखूडच. काहींना अशा वेळी हिरडीबरोबर आतलं हाडही थोडं घासावं लागतं, नाहीतर हिरडी परत वाढते.

दुसरं कारण जबड्याचं. वरच्या जबड्याचं हाड उंचीला जास्त असेल तर गप्प बसलं तरी दात बरेच दिसतात, ओठ मिटायला जोर लावावा लागतो. हे जास्त असेल तर खरा इलाज ऑपरेशन, त्यात वरचा जबडा कापून वर सरकवून बसवतात, ते मोठं काम आहे, भूल देऊन, हॉस्पिटलमध्ये राहून. थोडं असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर, हाडात छोटे स्क्रू बसवून तारेनं दात वर ओढून घेतात. एक लिप रिपोझिशनिंग म्हणून पण असतं, ओठाच्या आतल्या बाजूची पट्टी काढून ओठ थोडा खाली शिवतात. आणि शेवटचं एक कारण जे कुणी बोलत नाही ते म्हणजे औषधं. फिट्सच्या फेनिटॉइनमुळं, बीपीच्या अम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांमुळं, किडनी बदललेल्या माणसांना देतात त्या सायक्लोस्पोरिनमुळं हिरड्या सुजून वाढतात. तुमच्या घरात कुणाच्या हिरड्या मोठेपणी अचानक वाढल्या असतील तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. आणि गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

घरी येऊन बोटॉक्सचं नाव घेतलं तर आईचा चेहराच उतरला. "विष असतंय ते, तोंडात विष घेतीस काय?" आईचं चूक नव्हतं, मूळचं ते विषच. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू ते तयार करतो. मी आईला सगळी गोष्ट सांगितली, मला अशा गोष्टी सांगायला आवडतात आणि आईला ऐकायला. १८२० च्या दशकात जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता, कवी पण होता, तिथं खराब सॉसेज खाऊन माणसं मरायची त्याचा त्यानं अभ्यास केला, आणि त्याच वेळी त्यानं लिहून ठेवलं की हेच विष अगदी थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल. ते खरं व्हायला दीडशे वर्षं गेली. अमेरिकेत अ‍ॅलन स्कॉट नावाचे डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणावर ऑपरेशनशिवाय काही इलाज शोधत होते, त्यांनी डोळ्याच्या स्नायूत हे देऊन बघितलं, आणि १९८९ मध्ये तिथल्या सरकारी खात्यानं, एफडीएनं, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी त्याला मंजुरी दिली. मग कॅनडात व्हँकुव्हरला कॅरुथर्स म्हणून नवरा-बायको, ती डोळ्यांची डॉक्टर, तो स्किनचा. पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्या पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या त्यांच्या लक्षात आल्या. २००२ मध्ये त्या आठ्यांसाठीही मंजुरी आली. आजही हेच औषध सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे आखडलेले हातपाय सैल करायला वापरतात, जुन्या मायग्रेनला वापरतात. आई हे पोरांचं ऐकून थोडी शांत झाली. ही नुसती नट्यांची चैन नाही एवढं तिला पटलं.

ते काम कसं करतं तेही सोपं आहे. मेंदूकडून निघालेली नस स्नायूपाशी येऊन अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते मिळालं की स्नायू आकुंचन पावतो. बोटॉक्स त्या नसेच्या टोकाशी जाऊन ते रसायन सोडणारी यंत्रणाच तोडतं, मग स्नायूला निरोप मिळत नाही आणि तो सैल राहतो. नस मरत नाही, काही महिन्यांत परत जोडणी तयार होते आणि स्नायू पहिल्यासारखा चालायला लागतो. वरच्या ओठाचं म्हणाल तर तो पडदा आणि हे स्नायू पडदा वर ओढणाऱ्या दोऱ्या, दोऱ्या थोड्या ढिल्या सोडायच्या, कापायच्या नाहीत. ढिल्या किती सोडायच्या यातच डॉक्टरचं कसब.

या दोऱ्या मुख्यतः तीन. लेव्हेटर लॅबी सुपीरिओरिस, त्याच्या शेजारचा नाकपुडीला पण जोडलेला एक, आणि झायगोमॅटिकस मायनर. हे तिन्ही नाकपुडीच्या बाजूला जवळजवळ येतात. २००९ मध्ये सोलच्या योन्सेई विद्यापीठातल्या लोकांनी मृतदेहांवर अभ्यास करून तिथला एक बिंदू सांगितला, नाकपुडीच्या बाजूला १ सेंमी आणि ओठाच्या रेषेपासून ३ सेंमी वर, त्याला योन्सेई पॉइंटच म्हणतात. त्या एका जागी सुई दिली की तिन्हीपर्यंत औषध पोचतं, म्हणजे दोन बाजूंना मिळून दोनच टोचण्या. त्याच्या आधी पोर्तो रिकोचे मारिओ पोलो नावाचे ऑर्थोडॉन्टिस्ट होते, त्यांनी २००८ मध्ये ३० जणांवरचा अभ्यास छापला. त्या लोकांची हिरडी सरासरी ५.२ मिमी दिसायची, इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी ती जवळजवळ शून्यावर आली, मग हळूहळू वाढत गेली, पण २४ आठवड्यांनंतरही पूर्ण पहिल्यासारखी झाली नव्हती. हे वाचल्यावर माझा धीर वाढला. तरी एक लक्षात ठेवा, गमी स्माईलसाठीचा हा वापर औषधाच्या मूळ मंजुरीत लिहिलेला नाही, डॉक्टर आपल्या अभ्यासावर आणि अनुभवावर देतात. बेकायदा नाही, पण म्हणूनच संमतीची सही घ्यायच्या आधी त्यांनी हे तुम्हाला सांगायला पाहिजे, आणि मला सांगितलं.

मला खरी काळजी वेगळीच होती. माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. पहिलीतली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, मराठी ती शाळेतच शिकतात आणि कशी शिकतात तर बाईंच्या ओठांकडं बघून. प, फ, ब, भ, म शिकवताना मी ओठ मिटून, फुगवून, उघडून दाखवते आणि पोरं तस्संच करतात. आणि बोटॉक्सचा एक ठरलेला त्रास हाच की डोस जास्त झाला किंवा औषध सरकलं तर वरचा ओठ जड होतो आणि नेमके हेच आवाज नीट निघत नाहीत. हे मी इंजेक्शन देणाऱ्या स्किनच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, मग आपण दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला करू, असर पूर्ण चढायला दोन आठवडे लागतात, शाळा उघडेपर्यंत तुम्हालाही ओठाची सवय होईल, आणि पहिल्यांदा डोस कमीच ठेवू. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालं तर उतरवायला औषध नाही, वाट बघायची. ज्यांचं काम बोलण्याचं, गाण्याचं, शहनाई-बासरी वाजवायचं आहे त्यांनी हे आधी सांगाच.

इंजेक्शनच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर फ्रिजमधून बाटली काढली. आत पांढरी पावडर जेमतेम दिसेल एवढी. त्यात सलाईन घालून विरघळवली. नाव, एक्स्पायरी मी बघून घेतली, फोटो काढला, त्यांनी काढू दिला, आणि जो डॉक्टर हे दाखवायला कां-कूं करेल तिथून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. हे औषध युनिटमध्ये मोजतात, एका बाटलीत बहुतेक १०० किंवा ५० युनिट असतात आणि माझ्या दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच युनिट सुद्धा पुष्कळ, कपाळाच्या आठ्यांना त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून खर्चही त्या मानानं कमी येतो. रेट युनिटवर असतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा, त्यामुळं आधीच युनिटचा रेट, किती युनिट, आणि दोन आठवड्यांनी थोडं वाढवायला लागलं तर त्याचे वेगळे पैसे का, हे विचारून घ्या. एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्या ब्रँडचं युनिट नाही हेही लक्षात असू द्या, नुसत्या आकड्यांची तुलना करून स्वस्त-महाग ठरवू नका.

आधी बर्फ फिरवला. मग म्हणाल्या हसा, आणि मी हसताना बोटानं नाकाच्या बाजूला स्नायू चाचपून पांढऱ्या पेन्सिलनं खूण केली. सुई इन्सुलिनच्या सुईएवढी बारीक. डोळ्यात पाणी येतं, कारण नाकाजवळची जागा नाजूक आहे, पण दुखणं क्षणाचं. दोन्ही बाजूंना एक-एक. उठेपर्यंत झालं पण होतं. चार तास आडवं पडायचं नाही, तिथं चोळायचं नाही, फेशियल नाही, त्या दिवशी व्यायाम नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणाला चालू असतील तर आधी सांगायचं, नाहीतर काळंनिळं होतं. मला एका बाजूला छोटासा निळा डाग आला, चारेक दिवसांत गेला.

पहिले दोन दिवस काहीच नाही. मला वाटलं पाणीच टोचलं का काय. मग एका सकाळी दात घासल्यावर चूळ भरताना पाणी नीट फेकता येईना, कोपऱ्यातून गळायला लागलं. स्ट्रॉनं लस्सी प्यायला जमेना. वरचा ओठ कुणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटायचा, बधिर नाही हं, स्पर्श सगळा कळत होता, नुसता आळशी झालेला. आरशासमोर बसून मी प-फ-ब-भ-म म्हणत बसायचे, "पपई, फणस, बदक, भटजी, मगर", आणि आई आतून म्हणायची झालं का गं तुझं पाठांतर. "भ" थोडा सैल यायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत तोही सरळ झाला, स्नायू सुधारला म्हणून नाही, बाकीच्या ओठानं जुळवून घेतलं म्हणून.

आणि हसू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाऊ फराळाच्या ताटाचे फोटो काढत होता त्यात मागं मी हसताना आले. हिरडी जेमतेम एक रेघ. दात सगळे दिसत होते, गाल वर आलेले, डोळे बारीक झालेले, म्हणजे माझंच हसू, फक्त ओठ वेळेवर थांबला होता. मला फार आनंद झाला, तो फोटो मी किती वेळा उघडून बघितला काय सांगू. दोन आठवड्यांनी दाखवायला गेले तर डाव्या बाजूला ओठ जरा जास्त वर जात होता, फोटोत नाही पण व्हिडिओत कळायचं. तिथं अगदी थोडं अजून दिलं. हे सगळ्यांना लागतं असं नाही, पण दोन्ही बाजूंचे स्नायू कुणाचेच सारखे नसतात, म्हणून ही दुसरी भेट टाळू नका. चुकीच्या जागी किंवा जास्त दिलं की हसताना मधला ओठ खाली लोंबतो आणि कोपरे वर जातात, ते फार विचित्र दिसतं, आणि उतरेपर्यंत तसंच फिरावं लागतं.

पण एक गोष्ट सुईनं झाली नाही. माझा हात. शाळा उघडली, पोरं भेटली, कुणीतरी काहीतरी बोललं, मी हसले आणि हात तोंडावर. झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं तरी हात जायचा. इतक्या वर्षांची सवय ती, ती स्नायूत नव्हतीच. आणि वर्गातच मला दिसलं की माझ्या दोन-तीन मुली पण हसताना तोंडावर हात धरतात, बाई धरतात म्हणून. त्यांच्या हिरड्या-बिरड्या काही दिसत नाहीत, दुधाचे दात पडलेली गोड पोरं ती. ते बघून मला जे वाटलं ते मोठं होतं. तेव्हापासून मी वर्गात हसताना दोन्ही हात टेबलावर ठेवते, मुद्दाम, आठवणीनं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भावाच्या पोरीला घेऊन पाळण्यात बसले तेव्हा दोन्ही हातांनी दांडा धरलेला, आणि खालून वहिनीनं काढलेल्या व्हिडिओत मी तोंड उघडून ओरडत हसतेय. तोपर्यंत औषधाचा असर चांगला होता.

फेब्रुवारी संपता संपता ओठ परत वर जायला लागला. एकदम नाही, आज थोडा, पुढच्या आठवड्यात थोडा. चूळ परत जोरात जायला लागली त्यावरूनच मला कळलं. आता मे चालू आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि हिरडी जवळजवळ पहिल्याएवढी दिसते. साधारण तीन-चार महिने, काहींना सहा, एवढाच याचा हिशोब. त्यापेक्षा लवकर-लवकर घेऊ नये, शरीर औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं आणि मग औषध लागूच पडत नाही.

कुणी घेऊ नये ते पण सांगते, हे डॉक्टरांकडूनच. गरोदर आहात, बाळाला पाजताय, तर नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा नस-स्नायूचा तसला कुठला आजार असेल तर नाही. जेंटामायसिनच्या जातीची अँटिबायोटिक चालू असतील तर आधी सांगा. त्या जागी पुरळ, फोड, इन्फेक्शन असेल तर थांबा. आणि वय झालेल्या बायकांनी, ज्यांचा वरचा ओठ वयानं आधीच खाली आलाय त्यांनी विचार करूनच, कारण हिरडी झाकता झाकता दातच दिसेनासे होतात आणि चेहरा अजून थकलेला दिसतो. वयाबरोबर हिरडी दिसणं आपोआप कमी होत जातं, त्यामुळं पन्नाशीच्या मावशीनं विचारलं तेव्हा मी तिला नको म्हणाले. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या आयांनी तर अजिबात घाई करू नये, त्यांचा चेहरा अजून वाढतोय.

मी परत घेणार का, हे सगळ्याच विचारतात. घेणार, पण वर्षातून एकदाच, दिवाळीच्या सुट्टीत. मधले महिने हिरडी दिसेल तर दिसेल. परवा आत्याला बायोडेटाचा फोटो पाठवला, तो मी याच महिन्यात काढलाय, सिद्धेश्वर तलावाच्या कडेला, खळखळून हसताना, हिरडीसकट.